शांताची गैरहजेरी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण — कुठून सुरू करू?

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. बार्शीटाकळीच्या मुलींच्या शाळेत मी तिसरीला शिकवत होते. नोकरी अजून कायम व्हायची होती. वर्गात बौद्धवस्तीतली शांता होती. बाप कापसाच्या जिनात हमाल. तिला अजिबात ऐकू येत नसे. पण माझ्या ओठांकडे बघून ती आपलं नाव ओळखायची आणि जाड, घोगऱ्या आवाजात "हदर" म्हणायची. मुली हसायच्या. खरं सांगू? मीही हसायचे.

तपासणीला आलेले साहेबही हसले. मग मला म्हणाले, "अशा मुली कशाला ठेवता?" तसा काही नियम होता का? मी विचारलं नाही. मला एवढंच कळलं — पुढच्या तपासणीला ती वर्गात दिसायला नको.

पण काढायची कशी? महिनाभर लागोपाठ गैरहजर राहिली तरच नाव कमी करता येई. आणि ही तर रोज यायची, सगळ्यांच्या आधी.

म्हणून — मी हजेरीपुस्तक तोंडासमोर धरू लागले. तिचं नाव घ्यायचे, थांबायचे, गैरहजेरी मांडायचे. पहिल्या दिवशी ती खाली वाकून, पुस्तकाखालून माझं तोंड शोधत होती. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं, तर त्या पोरीवर मी डोळे वटारले. महिनाभर हे चाललं. वस्तीतून कोणी भांडायला येणार नाही, हेही मी धरूनच चालले होते. लाज? तेव्हा नाही वाटली.

नाव कमी होणार असा निरोप गेला तेव्हा बाप तिला घेऊन आला. हात जोडून म्हणाला, "बाई, माही पोरगी तं रोज येते जी. गैरहजर काहून?"

मी पुस्तक त्याच्यापुढे टाकलं. "बघा." त्याला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

त्याने शांताला पुढे घेतलं. तिने आपलं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं. ती वाचू लागली — "शांता". मग "गै... गै... गै..." एकेक घर, न चुकता, अख्खा महिना. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

बाप म्हणाला, "वाचते तं बराबर, बाई."

मी लाल शाई घेतली आणि तिचं नाव कापलं.