खोक्यावरचं नाव, आतली चिप

धाटावच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीला पेणहून एक गृहस्थ स्कूटरने येत. ‘होईल’ असं ते कधीच म्हणायचे नाहीत. ‘बघू या’ म्हणायचे.

ऑफिसातून रस्त्यापलीकडच्या गोदामात गेलेली केबल उंच ट्रकांनी तिसऱ्यांदा तोडली, तेव्हा बिनतारी कार्डं लावायचं ठरलं. आमचे कॉम्प्युटर लिनक्स या तेव्हा कमी वापरातल्या प्रणालीवर चालायचे. त्यावर कुठलं कार्ड चालेल, हे सांगणारं कोणी नव्हतं. त्यांनी मुंबईहून दोनदा कार्डं आणली आणि दोन्ही वेळा परत नेली.

तिसरी जोडी चालली. गोदामातला साठा माझ्या पडद्यावर दिसला.

मॅनेजर खूश होऊन म्हणाले, “अशीच आणखी दहा आणा.”

“नाय साहेब. खोक्यावर नाव तेच, पण आतली चिप बदलतात, आणि लिनक्सवर कार्ड चालणार की नाय ते चिपवर. ही दोन मी उघडून, बघून घेतली. दुकानदार दहा खोकी उघडू देणार नाय, आणि न बघता मी आणणार नाय.”

मॅनेजरांनी ते काम दुसऱ्याला दिलं. त्याने आणलेल्या दहांतली चारच चालली. मग मला पेणला फोन करावा लागला. मी ओशाळलो होतो. ते दुसऱ्याच दिवशी आले आणि कार्डं तपासायला बसले.

“त्या माणसाला बोलू नका,” ते एवढंच म्हणाले. “मी पण दोनदा फसलोच की.”