दुपारीच उतरलेली गुढी

मुलांनो, आज पाडव्याची कडुलिंबाची चटणी वाटताना त्या कडू वासानं मला बेंबळी गावातल्या आमच्या अंगणात नेलं. निजामाचे शेवटचे दिवस होते. चळवळीतले माझे बाबा टेकडीवरच्या देवळात लपले होते आणि संध्याकाळी पुरणपोळी खायला घरी येणार होते.

भर दुपारी निजामाचा एक जवान दारात थबकला. गुढीकडं बोट दाखवून म्हणाला, "ये झंडा किसका?"

"झेंडा न्हाय साहेब, माजं लुगडं हाय. सण हाय आमचा," असं म्हणत आईनं, त्यानं सांगायच्या आतच, काठी खाली घेतली. त्यानं लुगडं झटकलं, तांब्यात डोकावून पाहिलं. तरी संशय फिटेना. तो ओट्यावरच बसून राहिला.

आत्या कुजबुजली, "दिवस मावळायच्या आत गुढी उतरवती व्हय गं? लई अपशकुन!"

आई खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली. मला ती भित्री वाटली.

बाबा त्या संध्याकाळी आलेच नाहीत. पुढं भेटले तेव्हा म्हणाले, "टेकडीवरनं गुढी दिसंना, म्हणून मागं फिरलो."

हे आईनं ठरवून केलं होतं का? तिनं कधीच सांगितलं नाही. माझा मात्र अजून तिच्यावर संशय आहे.