गुळानं भरलेला तांब्या

त्या काळी सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नसे. अन् मला तर देवानं तोंड दिलेलं, ते गप कसं बसावं? मग मी चुलीला सांगायची. "चुलबाई, मामंजींना म्हणावं, भाकर झाली." मामंजीही चुलीलाच उत्तर द्यायचे.

वसमतला आमचं ओताऱ्याचं घर. पितळेची भांडी ओतायची अन् खरादावर चढवून वरून तासायची. घरधनी आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेले की खराद फिरवायची चामड्याची वादी मी ओढायची, डोईवरचा पदर सांभाळत. भांडं गरगर फिरायचं, मामंजी पोलादी हत्यार टेकवायचे अन् पिवळा भुगा उडायचा.

लढाईचे दिवस होते, पितळ मिळेना. त्यातच नणंदेचं लग्न ठरलं. लेकीसोबत बापाच्या हातचा तांब्या गेलाच पाहिजे, हा मामंजींचा हट्ट. फुटकी भांडी वितळवून कसाबसा एक ओतला. तासता तासता तो पातळ झाला अन् हत्यार लागलं की किंचाळायला लागला. अंगभर बारीक लाटा उठल्या. त्या काढायला पुन्हा तासावं, तर पुन्हा तशाच. शेवटी एकदाच तासता येईल एवढी जाडी उरली. आता चुकलं की भोकच.

मामंजींनी हत्यार खाली ठेवलं अन् आपल्या हाताकडं बघत बसले.

"चुलबाई, हात थरथर कापून राहिला माझा. सरलं आता. लेकीला बाजारातला देऊ."

अहो, रोज मी वाढत होते त्यांना! पाण्याचा पेला उचलताना तो हात कधी हलला नव्हता. मी उठले अन् खरादावरच्या तांब्याला टिचकी मारली. केवढा वेळ थरथरत राहिला बया! घरात गुळानं गच्च भरलेला तांब्या होता, त्यालाही मारली. नुसता बद्द आवाज.

"चुलबाई," मी चांगलं ठणकावून म्हणाले, "मामंजींना म्हणावं, हात न्हाई, तांब्याच कापून राहिला. पोटात काही न्हाई त्याच्या."

मामंजींनी दोन्ही तांबे वाजवून बघितले. मग खरादावरचा उतरवून माझ्यापुढं ठेवला.

त्याच्या पोकळ पोटात भरायला राळ हवी होती, ती बाजारात नव्हती. होता तो लग्नाच्या लाडवांचा गूळ. मी त्याचा कडक पाक केला अन् तांब्या काठोकाठ भरला. दुपारपर्यंत दगड झाला. पुन्हा खरादावर चढवला, मी जीव मुठीत धरून वादी ओढली. तांब्या चूप! मामंजींनी हत्यार तळापासून गळ्यापर्यंत एका दमात नेलं. अंग असं गुळगुळीत झालं, की त्यांनी ते गालाला लावून बघितलं. डोळ्यांत पाणी अन् तोंडावर हसू.

लाडू कमी पडले म्हणून घरधन्यांची बोलणी मीच खाल्ली. गूळ गरम पाण्यानं वितळवून काढला, तरी नणंदेच्या सासरी महिनाभर तांब्याला मुंग्या लागत होत्या.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी मामंजी अंथरुणाला खिळले. हात आता खरंच कापायचा. पाणी पिताना अर्धा तांब्या छातीवर सांडला, तसे कसनुसे हसले.

"चुलबाई, ह्या हातातबी गूळ भरा म्हणावं."

चूल आत होती. मी डोईवरचा पदर मागं सारला अन् त्यांचे दोन्ही हात तांब्यासकट माझ्या हातांत घट्ट धरले.

"मामंजी, मी धरलेत," मी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले. "प्या."