मंगळवारची भांगलण

'पाळणूक' हा शब्द आधी नीट समजून घ्या, मग माझी फजिती सांगतो. आमच्या बेळगाव भागात गावदेवीची यात्रा जवळ आली, की आधीचे काही वार गाव 'पाळते'. त्या दिवशी औत जुंपायचे नाही, खुरप्याला हात लावायचा नाही, शेतात कामच करायचे नाही. हिला 'पालन' म्हणू नका. पालन नियमांचे होते; पाळणूक देवीची असते.

मी जन्मभर मराठी शिकवलेला, टिळकवाडीत राहणारा निवृत्त मास्तर. समाजमाध्यमांवर आलो तोच मुळी इतरांना उपदेश करीत : बाबांनो, टाकण्यापूर्वी विचार करा! हा उपदेश मी इतक्यांना केला होता, की पुढचा प्रकार कळल्यावर निम्मी टिळकवाडी पोट धरून हसली. हसा, तुम्हीही हसा.

माझी सासुरवाडी सांबऱ्याजवळच्या एका खेड्यात. मेहुणा परशराम तिथे शेती करतो. यंदा देवीची पहिली ओटी भरण्याचा मान फिरत फिरत त्याच्या घरी आला होता. त्याच्या वडिलांच्या हयातीत तो एकदाही आला नव्हता. म्हाताऱ्याने वाट पाहत डोळे मिटले. तेव्हा घरात काय आनंद असेल, विचारूच नका.

अशाच एका सोमवारी मी तिकडे गेलो. भाताची भांगलण, म्हणजे खुरप्याने तण काढणे, चालू होती. बायकांची म्होरकी गंगूआक्का. भांगलणीत तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नाही. त्या सगळ्या चहाला झाडाखाली गेल्या आणि माझ्या अंगात काय संचारले कोण जाणे! धोतर खोचले, खुरपे उचलले, बसलो भातात. थोड्या वेळाने परशरामने लांबून फोटो काढला : चिखलात मी, एका हातात खुरपे, दुसऱ्या हातात उपटलेली हिरवीगार मूठ आणि मुखावर कृतार्थता!

घरी येऊन फोटोखाली दोन ओळी लिहायला बसलो. आता, 'घाम' लिहावे की 'स्वेद'? घाम फार उघडा, स्वेद फार झाकलेला. मी सौभाग्यवतींना विचारले.

"अहो, पण आला होता का?" त्या म्हणाल्या.

अशा प्रश्नांना साहित्यात उत्तर नसते.

शब्द मनासारखे जुळायला मंगळवारचे अकरा वाजले. 'आज मृत्तिकेशी हितगुज केले. श्रमस्वेदाचा पहिला थेंब काळ्या आईच्या चरणी अर्पण!' हितगुज वास्तविक कालचे. पण 'काल हितगुज केले' यात काही प्राण आहे का? 'आज'मध्ये कसा ताजेपणा आहे! एकेक अक्षर तोलले आणि फोटो सोडून दिला. मंगळवार पाळणुकीचा आहे, हे तेवढे तोलायचे राहिले.

पहिला प्रतिसाद सासुरवाडीहूनच आला : 'सर, आज??'

दोन प्रश्नचिन्हे! केवढे हे कौतुक! मी लिहिले : 'होय, आजच! आणि पुढच्या मंगळवारीही हाच संकल्प!'

दुसऱ्याने विचारले : 'परशरामला म्हाईत हाय?'

मी उत्तरलो : 'त्याचेच तर प्रोत्साहन!'

दहा मिनिटांत परशरामचा फोन. "दाजी, काय करून बसलासा ओ!"

"का रे? आवडले नाही?"

"आवडतंय कुठलं! वाराला भांगलण केलासा म्हणून गावभर बोंब झालीया. पंच बसल्यात देवळात. मान काढून फुडच्या घराला देतो म्हंत्यात!"

"अरे, पण फोटो कालचा!"

"मला ठावं हाय की, मीच काढलाय! पर खाली 'आज' कुणी लिवलं?"

रिक्षा करून देवळात पोहोचलो. ओटीसाठी आणलेली हिरवी साडी पिशवीत घेऊन परशरामची बायको खांबापाशी उभी होती, डोळे ओले. थोरले पंच कल्लाप्पा अण्णा यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, हे 'आज' तुमीच लिवलंय न्हवं?"

"मीच. पण अण्णा, ते वाङ्मयीन 'आज' आहे."

"आमच्यात एकच आज असतंय."

"फोटोवरची तारीख पाहा!"

"तारीख काय, पायजे तशी फिरवत्यात. आन फुडच्या मंगळवारचा बेत बी तुमीच जाहीर केलासा की!"

इतक्यात गंगूआक्का पुढे झाली. तिने मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, ही मूठ बगा. ह्ये तण न्हाय. भात हाय!"

मोबाइल पाचही पंचांच्या हातून फिरला. कुणीतरी खोकले. तो खोकला नव्हता.

"आन खुरपं बी उलटं धरलंय," आक्का म्हणाली.

"म्हंजे तण ठेवलं, आन भात काढलं?" अण्णांनी विचारले.

"व्हय की!"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले, देवीकडे हात जोडले आणि निवाडा दिला : "पाळणूक असतीया ती कामाची. ह्येला काम कोण म्हनंल? वार काय मोडल्याला न्हाय. मान परशरामकडंच!"

देऊळ हसण्याने दणाणले. परशरामची बायको हसता हसता रडत होती. मी निघालो तेव्हा अण्णा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सर, तुमी कवाबी या रानात. मंगळवारी आलासा तरी चालतंय!"

हा किस्सा आता टिळकवाडीपासून काकतीपर्यंत सांगितला जातो. पण सांगणारे एक चूक हमखास करतात. ते म्हणतात, मास्तरांनी मूठभर भात उपटले. हे साफ खोटे आहे. मूठ फोटोपुरती होती; फोटो निघेपर्यंत मी बांधापासून बांधापर्यंत अख्खी ओळ साफ केली होती. त्या ओळीपायी परशराम अजून रानडुकरांना शिव्या घालतो. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त केल्या. ही एक मात्र, पुरता विचार करून, तशीच ठेवली आहे.