आजी बहिरी नव्हती

समुद्रपूरच्या कापसाच्या जिनात नोकरी लागल्यावर माझ्या बापाने घरात गोंडी बंद केली. पन्नास सालानंतरची गोष्ट. "लोक जंगली म्हनतेत," एवढंच कारण. जिनातल्या साहेबाची इंग्रजी त्याला कळत नसे, पण 'यस सर' तो घरीही घोळवत असे. तो बाहेर पडला की माय आणि आजी भरभर बोलून घेत. त्याची चप्पल वाजली की दोघी गप्प. मी गोंडीत ऐकायची आणि मराठीत बोलायची. घरात सतत कोणाचा तरी कान दाराकडे.

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा बाप आजीला आणि मला घेऊन गेला. रांगेत जिनातली माणसं होती. बाप एका जागी उभा राहीना. बिडी पेटवी, विझवी. आजीने तोंड उघडलं की तिचा हात दाबी. आजीला बाजारापुरती मराठी येई; घाबरली की तीही जाई.

"आजी, दिसत नाही कधीपासून?" डॉक्टरने विचारलं. आजीने बापाकडे मान वळवली.

"तिले ऐकू येत नाई, साहेब," बाप म्हणाला.

तो शेजारच्या दुसऱ्या डॉक्टरशी इंग्रजीत बोलला. ते काय बोलले, आम्हाला कोणी सांगितलं नाही. मग एकजण म्हणाला, "बहिरीचं ऑपरेशन कसं करणार? भूल फक्त डोळ्याला, ती जागी असणार. खाली बघ म्हटलं की बघायला पाहिजे. मान हलली तर डोळा जाईल. पुढचा कोण?"

मागून जिनातला एकजण हसला. "काऊन गा, रोज तं तुह्या घरातून दोन बायांचं बोलनं आयकू येते. मंग बोलते कोन?"

बापाने आजीला बाजूला घेतलं. मागचा माणूस पुढे सरकला.

"बहिरी नाई थे," मी म्हणाले. "गोंडी बोलते. मले येते गोंडी."

मला ऑपरेशनच्या टेबलाशी उभं केलं. डॉक्टर सांगे, मी आजीच्या कानाशी गोंडीत सांगे. सुई टोचली तेव्हा आजीने डॉक्टरच्या बापाचा उद्धार केला.

"काय म्हणते?"

"बरं म्हनते."

मान मात्र तिने हलवली नाही. बाहेर व्हरांड्यात बापाच्या चपला इकडून तिकडे वाजत होत्या.

पट्टी सुटली त्या दिवशी खोलीभर खाटा होत्या, आणि त्यातल्या एका खाटेवर तोच हसणारा माणूस आपल्या आईजवळ बसला होता. आजीने डोळे बारीक केले, सगळीकडे पाहिलं आणि मोठ्याने गोंडीत विचारलं, माझा लेक कुठं आहे? माना वळल्या.

"इथंच आहो," बाप दारातून मराठीत म्हणाला.

आजीने तेच पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

तेव्हा त्याने गोंडीत उत्तर दिलं, हळू आवाजात, आणि लगेच बाहेर निघून गेला.