जहाज बुडाल्याचा पुरावा

आमच्या वाचन मंडळानं पुस्तकं किती वाचली, हे कुणी विचारू नये. किस्से मात्र इतके साठलेत की सोसायटीतले जुने दोघे भेटले की एखादा निघतोच. नव्वदच्या दशकातली वसई पूर्वेची आमची तीन मजली बिल्डिंग. रविवारी संध्याकाळी सेक्रेटरी प्रधानांच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. निवृत्त शिक्षक सामंत सर अध्यक्ष. त्यांनी पुस्तक निवडलं होतं जहाज फुटून वाचलेल्या एका खलाशाच्या हकिकतीचं. नियम एकच. विषय काय ते खुशाल सांगा, पण पुरावा पुस्तकातलाच द्या.

*

पहिल्याच रविवारी तावडेकाका म्हणाले, या गोष्टीचा विषय आहे धीर. सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "पान?"

काकांनी खिशातून डबी काढली. "चुना किती लावू?"

सर नाही म्हणाले नाहीत. त्या दिवशीची चर्चा भलतीच रंगली!

*

प्रधानांचा विषय देवावरची श्रद्धा. पुरावाही तयार होता. वादळात कप्तान गुडघे टेकून "देवा, देवा" म्हणतो. सरांनी त्यांना त्याआधीची ओळ मोठ्यानं वाचायला लावली. त्या ओळीत रमचं पिंप समुद्रात पडलं होतं!

*

पुस्तक लायब्ररीचं, प्रत एकच. ती घरोघर फिरायची. कुणाच्या घरी काय झालं कळलं नाही, पण जहाज खडकावर आपटतं ते पानच गायब.

सर गंभीरपणे म्हणाले, "पुराव्याअभावी जहाज अजून तरंगतंय असं धरू."

मग ही माणसं होडीत कशाला बसली, यावरून प्रधान आणि तावडेकाका हमरीतुमरीवर आले. शेवटी प्रधानवहिनींनी चहा आणला म्हणून मिटलं.

*

आता जो किस्सा सांगतो तो आम्ही सहसा सांगत नाही. लाज वाटते.

तळमजल्यावर वैशालीवहिनी भाड्यानं राहायच्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्या वर्षी नळाचं पाणी पुरेना, कामण गावाकडून टँकर मागवावा लागे. कमिटीनं ठरवलं, मालकांना दोन वेळ पाणी, भाडेकरूंना फक्त सकाळी. सासूबाईंसाठी संध्याकाळी थोडं तरी सोडा, म्हणून वहिनी विनवून गेल्या. टाकीत उरतच नाही, असं प्रधान म्हणाले. गच्चीवर जाऊन झाकण उघडून बघावं, असं पुराव्यावाचून न बोलणाऱ्या सरांनाही वाटलं नाही. मलाही नाही. त्या ठरावाला आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते.

तरी वहिनी रविवारी येत राहिल्या. पुस्तक सगळ्यांत नीट त्याच वाचायच्या.

त्या रविवारी होडीचा भाग होता. बुडणारी माणसं होडीची कड धरतात. आतले म्हणतात जागा नाही, आणि वल्ह्यांनी त्यांची बोटं ठेचतात. आमचं पटकन एकमत झालं, विषय अगतिकता. जागाच नव्हती, ते बिचारे तरी काय करणार!

"जागा होती," वहिनी म्हणाल्या.

सरांनी पुरावा मागितला. वहिनींनी पुढचं पान उलटलं आणि वाचलं, "दुसऱ्या दिवशी आम्ही कप्तानाच्या दोन पेट्या पाण्यात ढकलल्या. मग पाय पसरून झोपता आलं."

सर चष्मा पुसत राहिले. माझी मान वर होईना. तेवढ्यात खिडकीबाहेर गच्चीवरून पाण्याची धार पडू लागली. टाकी भरून वाहत होती. खाली लावलेल्या स्कूटरवर पाणी ताडताड वाजत होतं. पंपाचं बटण प्रधानांच्या पाठीशीच भिंतीवर होतं, पण ते हलले नाहीत.

वहिनींनी पुस्तक मिटून सरांसमोर ठेवलं आणि त्या उठल्या.

"सर, तुमचं चालू द्या. मी बादली लावून येते."