वैशाखातलं कोमट पाणी

माजिवड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याऐवजी माझ्या नवऱ्यापुढे सरकवला, तेव्हाच मी काय ते समजले. "मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन करू, मग केमो." भीतीच्या आधी मला रागच आला. आजार माझा. कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने आतडं आतून बघणं, तीही मीच सोसलेली. आणि कागद ह्यांच्या हातात!

ऑपरेशन नीट झालं. केमो सुरू झाली ती ऐन एप्रिलात. आमचं डोंबिवलीतलं घर गच्चीच्या खालीच, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. त्यात डॉक्टर म्हणाले, "ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध देतोय. त्याने नसांना गारवा सोसत नाही. गार पाणी, बर्फ, एसीचा झोत, सगळं काही दिवस बंद. पण पाणी भरपूर प्यायचं, कोमट." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पहिल्या केमोनंतर सवयीने फ्रिजमधली कोथिंबीर काढली, तर बोटांत सुया टोचल्यासारखं झालं. तेव्हापासून भर उन्हात हातमोजे, पायमोजे आणि गळ्याला ओढणी. शेजारीण म्हणाली, "काय काकू, महाबळेश्वरला चाललात?"

खरी घाबरले ती दुसऱ्या केमोनंतर. आम्ही घामाघूम होऊन घरी पोचलो. विठ्ठलवाडीची माझी नणंद मदतीला आली होती. उन्हातून आलेल्याला दारातच पाणी द्यायचं ही आमच्याकडची रीत. तिने माठातल्या पाण्याचं भांडं पुढे केलं आणि मीही सवयीने दोन घोट घेतले.

घसा आवळला. श्वास आत जातोय की नाही तेच कळेना. मी दाराची चौकट घट्ट धरली. नणंद रडायला लागली, "वहिनी, माझ्या लक्षातच नाही राहिलं हो!" ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बोलता येतंय ना? कोमट पाण्याचे घोट द्या, गळ्याभोवती गरम टॉवेल गुंडाळा. ओठ निळे पडले, सूज आली किंवा घरघर लागली तर लगेच जवळच्या हॉस्पिटलात न्या." हळूहळू घसा मोकळा झाला. तेवढा वेळ मात्र मी मरतेय असंच मला वाटत होतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीच तोडलं. गार पाण्याची भीती, कोमट पाण्याची किळस. त्यात औषधाने जुलाब, आणि बाहेर नुसती काहिली. एका सकाळी चहा टाकताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्यापाशीच खाली बसले.

पुन्हा हॉस्पिटल, सलाईन, रक्ततपासणी. डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे उतरलं नाही तर पुढची केमो देता येणार नाही." इतके दिवस ज्या केमोला मी शिव्या घालत होते, ती हातची जाणार म्हटल्यावर मी सिस्टरकडे स्वतःहून कोमट पाणी मागितलं.

सासूबाई कोकणातल्या. म्हणाल्या, "अगो, गार हवंय कशाला? आम्ही वैशाखातसुद्धा सकाळी गरम पेजच प्यायचो." मग सकाळी मीठ घातलेली तांदळाची पेज, दुपारी कोकमाचं कोमट सार, मधेमधे डॉक्टरांनी सांगितलेलं ओआरएस. सासूबाई "संपव" म्हणत समोर बसायच्या, आणि मी, आयुष्यभर पोरांना दटावलेली गणिताची बाई, मुकाट्याने पीत होते. ऊन चढायच्या आत ह्यांचा हात धरून पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. दमले की खुर्ची.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं करा. प्रत्येक औषधाचे नियम वेगळे, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारा आणि ते घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगून ठेवा. लघवीचा रंग बघत जा, गडद झाला तर लाजू नका, सांगा. मी लाजले होते.

तिसऱ्या केमोच्या दिवशी तपासणीसाठी रक्त देऊन बाहेर बसलो. मे महिना, आणि एसीमुळे मी शाल पांघरलेली. हे वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते. ही केमो हुकली आणि आत कुठे कॅन्सरची एखादी पेशी उरली असली तर? दुसरा विचारच सुचत नव्हता.

अखेर आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "क्रिएटिनिन उतरलंय. आज लावू या."

केमो मिळाली म्हणून कुणी रडतं का? मी रडले. सिस्टर म्हणाली, "घाबरू नका हो, जरासंच टोचेल." मी बाही वर केली आणि म्हटलं, "टोचू दे. तुम्ही शीर नीट शोधा. मला हे औषध हवंय."